संशयाचे वेड आणि स्मरणाची साक्ष

दाराला कुलूप लावून माणूस चार पावले जातो, परत येऊन कुलूप ओढून पाहतो, पुन्हा जातो, पुन्हा परततो. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणून हसण्याची चाल आहे. असा माणूस कामावर उशिरा आला की आळशी ठरतो आणि त्याचा पगार कापला जातो. आम्हां कामगार चळवळीतल्या मंडळींना या रोगाचा इतिहास वाचावा लागला तो त्यामुळेच.

पॅरिसचे डॉक्टर एस्किरोल यांनी १८३८ साली आपल्या ग्रंथात ‘कुमारी फ.’ एवढ्याच नावाने एका व्यापारी घराण्यातील स्त्रीची हकीकत दिली. अठराव्या वर्षी एका नातलग बाईच्या घरून निघताना तिला भय वाटले की, आपल्या खिशात तिथली एखादी वस्तू तर आली नाही ना! पुढे हिशेब लिहिताना आकडा चुकल्याचे भय, पैसे हाताळताना बोटांना काही चिकटून राहिल्याचे भय. हे सारे खुळचट आहे हे तिला पक्के ठाऊक होते. डॉक्टरांची पंचाईत ती हीच: वेड म्हणावे, तर बुद्धी शाबूत! १८७५ साली ल्ग्रां द्यु सोल यांनी या रोगावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ‘संशयाचे वेड’ हे शब्द होते.

पुढे शंका आली की, यांची स्मरणशक्तीच अधू असेल काय? १९८३ साली अमेरिकेत शेर प्रभृतींना तसे वाटण्याजोगे पुरावे मिळाले. परंतु २००३ साली नेदरलंड्समध्ये व्हान डेन हाउट व किंट यांनी प्रश्नच उलटा केला. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी पेटवून, विझवून पुन्हापुन्हा तपासायला लावली. दुसऱ्या गटाने मधल्या काळात दिवे तपासले. शेवटी शेगडीविषयी विचारता दोन्ही गटांची उत्तरे सारखीच बरोबर निघाली. पण शेगडी वारंवार तपासणाऱ्यांची आठवण अंधुक झाली होती, तिच्यावरचा भरवसा उडाला होता. म्हणजे साक्षीदार खरे बोलत होता. उलटतपासणीनेच त्याची पत घालवली. यंत्रावर बसणाऱ्यास यात नवल वाटू नये. तोच खटका दिवसभर दाबला की शेवटचा कधी दाबला, हे डोळ्यांपुढे येत नाही.

उपाय मात्र आधीच हाती लागला होता. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी सतत धुण्यापुसण्यात अडकलेल्या एका स्त्रीला वाद घालून पटवण्याचा नाद सोडला. परिचारिका जवळ ठेवल्या, आणि तिच्या खोलीतले नळ बंद केले.