संग्रहाध्यक्षांचे शिक्षण : बडोदे, दिल्ली आणि रोम

१९३६ साली लंडनच्या म्यूझियम्स असोसिएशनने हिंदुस्थानातील वस्तुसंग्रहालयांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज हे त्याचे कर्ते होत. संग्रहालयांची दैन्यावस्था त्यांनी परखडपणे मांडली. तथापि पाहणी करणारे आले, पाहून गेले, आणि प्रत्यक्ष वस्तू ज्याच्या स्वाधीन त्या संग्रहाध्यक्षाला शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याला पहिले भरीव उत्तर बडोद्याने दिले. सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या तेथील संग्रहालयाची सूत्रे स्वातंत्र्यापूर्वीच हेर्मान गोएट्स या जर्मन कलेतिहासज्ञाकडे आली होती. ते १९३६ मध्ये भारतात आले, आणि महायुद्धकाळात जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्धताही भोगावी लागली. पुढे १९५२ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन सुरू झाले. नामांकित संग्रहालय त्याच गावात होते, ही गोष्ट गौण नव्हे. पोथीला लागलेली कसर कशी ओळखावी, लघुचित्र किती प्रकाशात ठेवावे, नोंदवहीत काय लिहावे, हे केवळ व्याख्यानाने येत नाही. युरोपातील ऊब दिलेल्या दालनांसाठी घातलेले दंडक आपल्या पावसाळ्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हेही येथेच वस्तू हाताळताना कळते. परदेशी शिकून आलेल्यास मायदेशी प्रयोगशाळाच नसेल, तर त्याची विद्या प्रमाणपत्रापुरतीच उरते.

विविध देशांच्या संग्रहाध्यक्षांना एकत्र आणणारी व्यवस्थाही याच सुमारास आकारास येत होती. १९४६ साली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद स्थापन झाली. १९५६ मध्ये युनेस्कोच्या महासभेने सांस्कृतिक वस्तूंच्या जतनासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढण्याचे ठरविले. १९५९ पासून ते रोममध्ये चालू झाले आणि ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेतून आलेले प्लेंडरलीथ त्याचे पहिले संचालक झाले. हा निर्णय घेणारे अधिवेशन दिल्लीत भरले होते, हे आपल्याकडे क्वचितच आठवले जाते.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाची नवी वास्तू डिसेंबर १९६० मध्ये खुली झाली, तेव्हा संचालकपदी ग्रेस मॉर्ली होत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयाच्या त्या पहिल्या संचालिका. युनेस्कोच्या संग्रहालय विभागाचेही काम त्यांनी पाहिले होते. तज्ज्ञ म्हणून येऊन अहवाल लिहून परतणे त्यांनाही शक्य होते. त्या राहिल्या. १९६६ मध्ये पद सोडल्यावर आंतरराष्ट्रीय परिषदेच्या दिल्लीतील आशियाई शाखेचे काम त्यांनी हाती घेतले. येथील लोक त्यांना 'माताजी' म्हणत. १९८५ साली दिल्लीतच त्यांचे निधन झाले.