डफरीनला न्यायचं की खासगीत? वऱ्हाडातली एक निवड आणि तिचे कागद

अमरावतीत रिक्षावाल्याला 'जिल्हा स्त्री रुग्णालय' म्हणा, तो जरा विचारात पडेल. 'डफरीन' म्हणा, लगेच निघेल. जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे 'इर्विन'. अकोल्यात स्त्री रुग्णालयाला 'लेडी हार्डिंग' म्हणतात. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या बायकाही गेल्या, पण बाळंतिणीचा डबा कुठे पोचवायचा हे आजही त्यांच्याच नावाने ठरतं.

माझा विषय या सरकारी दवाखान्यांच्या शेजारी सुरू होतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गल्लीबोळांत खासगी नर्सिंग होम निघाली. त्यातलं कोणतं निवडायचं, हे वऱ्हाडातल्या कुटुंबांनी कसं ठरवलं?

तुम्ही असा एखादा स्थानिक विषय घेणार असाल तर आधी शब्द तपासा. इंग्रजी संदर्भात 'नर्सिंग होम' शोधलंत तर बहुतेक म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहांबद्दल वाचायला मिळेल. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरचं खासगी, चार-दहा खाटांचं हॉस्पिटल. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत तर प्रसूतिगृहही येतं.

या कायद्यापाशीच मी आपटले होते. आराखड्यात मी ठोकून दिलं होतं, '१९४९ पासून वऱ्हाडातील शुश्रूषागृहांची नोंदणी सुरू झाली.' गाइड सरांनी वाक्याभोवती लाल गोल केला आणि एवढंच विचारलं, "तेव्हा अमरावतीची राजधानी कोणती?" नागपूर! कायदा केला मुंबई प्रांताने आणि अमरावती-अकोला होते मध्य प्रांत व वऱ्हाडात. आपण मुंबई राज्यात आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. आजच्या महाराष्ट्राचा नकाशा डोक्यात ठेवून जुना कायदा वाचला की असं होतं.

कागद शोधतानाही हद्दी आडव्या येतात. आज शहरातली नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग बघतो. पण अमरावती महापालिका झाली १९८३ ला, अकोल्याची तर २००१ ला. त्याआधीची फाइल तिथल्याच कपाटात असेल असं धरून चालू नका. जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय, जुन्या नगरपालिकेचं दप्तर, सगळीकडे चकरा माराव्या लागतात. चहाचे पैसे वेगळे ठेवा.

आणि रजिस्टर सापडलंच, तरी ते दवाखान्याचं. तिथे जाणाऱ्या बाईने तोच का निवडला, हे त्यात कुठून असणार? म्हणून मी आजीपाशी बसले. तिचं पहिलं बाळंतपण घरी, सुईणीच्या हातचं. मधली दोन डफरीनला. शेवटचं खासगीत. मी विचारलं, तेच का निवडलं?

"मले कोनं इचारलं, बाप्पा? तुह्या आबाच्या शेठच्या सुनेचं तिथं झालं होतं."

आबा जिनिंगमध्ये कामाला होते. खासगीचे पैसे शेठकडून उचल घेऊन भरले आणि पुढचे दोन हंगाम ती पगारातून कापली गेली. म्हणजे पैसे देणाऱ्याने दवाखानाही सुचवला. मी ज्याला 'निवड' म्हणत होते त्यात आजी कुठेच नव्हती, आबाही अर्धेच होते. एका आजीवरून वऱ्हाड ठरत नाही, हे मलाही कळतं. पण त्या दिवसापासून माझ्या मुलाखतीचा पहिला प्रश्न बदलला. आता मी 'कोणता दवाखाना निवडला?' असं विचारत नाही, 'पैसे कोणी दिले?' असं विचारते.

पुढे कायदा रुग्णाच्या जवळ सरकला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. २०२१ च्या महाराष्ट्राच्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी जागी असावं, हे तर मूळ कायद्यातच आहे. नोंदणी म्हणजे उत्तम उपचारांची हमी नव्हे, किमान अटींचा तो कागद. पण आजीच्या वेळी बघायला तेवढाही नव्हता. तेव्हा कोणाला भरती करायची वेळ आली तर भिंत वाचा. प्रमाणपत्राची मुदत बघा, दर बघा.

हे मी लिहितेय खरं. मागच्या वर्षी रात्री अकराला बाबांना छातीत दुखायला लागलं. आम्ही कुठे नेलं? मामेभावाच्या मित्राने फोनवर नाव सांगितलं तिथे. तीन दिवस मी त्या भिंतीसमोरच्या बाकावर बसून होते, प्रमाणपत्राकडे लक्ष गेलं ते डिस्चार्जच्या दिवशी. मुदत संपलेली. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, "रिन्यूअलला टाकलंय, ताई."

मी ते वाक्य तारीख घालून वहीत लिहून घेतलं आणि बिल भरायला रांगेत उभी राहिले.