एका विमानाची बखर

शनिवार पेठेला धनी बदलण्याची कथा नवी नाही. १७३२ मध्ये सिद्ध झालेल्या शनिवारवाड्यावर १८१७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचे निशाण चढले आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती भस्म झाल्या. वाडा आपल्या जागी राहिला, धनी मात्र गेले. आज ज्या वस्तूची हकीकत सांगावयाची आहे, तिला जागाही नाही. ती धन्याबरोबर देशांतर करते. पण हस्तांतराच्या वेळी धन्याची कुवत उघडी पडते, हा इतिहासाचा नियम तिलाही लागू आहे.

२००५-०६ च्या सुमारास एअर इंडियाने स्वतःसाठी व आपल्या स्वस्त सेवेसाठी मिळून बोइंग कंपनीकडे ६८ विमाने मागविली. त्यांत ७७७-२००एलआर या जातीची आठ होती. पृथ्वीच्या पाठीवरील जवळजवळ कोणतीही दोन मोठी शहरे एका उड्डाणात जोडावयाची, हा या जातीचा हेतू. २००५ च्या नोव्हेंबरात अशा एका विमानाने हाँगकाँगहून पूर्वेकडे निघून न थांबता लंडन गाठले व २१,६०० किलोमीटरांचा विक्रम केला.

एअर इंडियाने या विमानांना राज्यांची नावे दिली. २००७ च्या जुलैअखेर आलेले पहिले विमान ‘आंध्र प्रदेश’; त्याची नोंदणी-अक्षरे व्हीटी-एएलए. १ ऑगस्ट २००७ पासून मुंबई ते न्यूयॉर्क हा प्रवास वाटेत न उतरता होऊ लागला.

येथपर्यंत सारे वैभवाचे. पण लांब पल्ल्याचे गणित मोठे निष्ठुर असते. या विमानाचे उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे ३४७ टन. त्यात १४० टनांहून अधिक इंधन मावते. म्हणजे इंधनाचा एक मोठा वाटा इंधनच वाहून नेण्यात जळतो! एअर इंडियाने आसने ठेविली २३८. ती चढ्या भाड्याने भरली तरच मेळ बसावयाचा. त्यातच २००८ च्या जुलैत खनिज तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढला. इंडियन एअरलाइन्सशी नुकतेच विलीनीकरण झालेले, डोक्यावर कर्ज. अशा घराला ही गजान्तलक्ष्मी पेलेना. जगभरच्या कंपन्यांनाही हे गणित अवघडच गेले असावे. कारण ही प्रवासी विमाने जेमतेम साठीच्या घरात बांधली गेली.

२०१४ च्या आरंभी आठांपैकी पाच विमाने अबूधाबीच्या इतिहाद कंपनीकडे गेली. ‘आंध्र प्रदेश’ त्यांतच होते. व्हीटी ही अक्षरे पुसली गेली, त्या देशाची ए६ ही खूण आली. कारखान्यात मिळालेला क्रमांक तेवढा तोच राहिला. त्याच वर्षी १ जूनला इतिहादने अबूधाबी ते लॉस एंजेलिस ही थेट सेवा याच जातीच्या विमानांनी सुरू केली. पुढे दशक संपता संपता तिनेही त्यांना निरोप दिला. २०१७ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी या विक्रीतील तोटा ६७१ कोटी रुपये दाखविला.

घरी उरली तिघे. त्यांत ‘केरळ’ व ‘महाराष्ट्र’ होती. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूर गाठले, ते ‘केरळ’मधून. यंत्रात खोट नव्हती, याचा याहून बोलका दाखला कोणता हवा?

२७ जानेवारी २०२२ ला कंपनी पुन्हा टाटांकडे आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या धन्याने अमेरिकेच्या फेऱ्यांसाठी याच जातीची पाच विमाने भाड्याने घेण्याचे जाहीर केले. ही अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने २०२० मध्ये सेवेतून काढलेली. २०१९ च्या डिसेंबरात याच जातीची विमाने घेऊन डेल्टा मुंबई-न्यूयॉर्क मार्गावर आपली प्रतिस्पर्धी म्हणून उतरली होती! १५ डिसेंबर २०२२ ला मुंबई-सॅन फ्रान्सिस्को सेवा सुरू झाली. आठ-नऊ वर्षांपूर्वी जी जात विकली, तीच परक्या घरची भाड्याने आणावी लागली.

विकणारे सारेच मूर्ख होते, असा निवाडा मी देत नाही. अडलेल्या घराला सोने मोडावेच लागते. प्रश्न तो नव्हे. घेतेवेळी मार्ग, भाडे आणि तेल यांचा हिशोब कोणी मांडला होता, आणि मोडतेवेळी पुढच्या दहा वर्षांचा विचार कोणी केला, हा खरा प्रश्न आहे. विमानाची प्रत्येक दुरुस्ती, त्याचे प्रत्येक उड्डाण दप्तरी टिपलेले असते. ज्यांच्या सहीने ते आले आणि गेले, त्यांच्या विचारांचे दप्तर मात्र लोकांसमोर क्वचितच येते. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या वस्तूचे तेही दप्तर मागणे, हे नागरिकांचे काम आहे.