ब्रायरमधील दोष आणि पाइपचे रूप

हस्तव्यवसायांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा उत्तम नमुन्यांचाच इतिहास लिहितो, कारण संग्रहालयात तेच टिकलेले असतात. जे बिघडले, फसले, त्याचे कारागिराने काय केले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. युरोपातील लाकडी तंबाखू-पाइपच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. या वस्तूचे आज परिचित असलेले रूप बऱ्याच अंशी तिच्या दोषांनीच घडविले आहे. (तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी दुमत असण्याचे कारण नाही, येथे विचार वस्तूचा आणि ती घडविणाऱ्याचा आहे.)

आधीच्या मातीच्या पाइपांपुढे हा प्रश्न फारसा नव्हता. इंग्लंडमध्ये, नंतर हॉलंडमधील गौडा शहरात ते साच्यातून काढले जात. माती स्वस्त असल्यामुळे भट्टीत वाकलेला पाइप सरळ उकिरड्यावर जाई. पुरातत्त्वज्ञांना आज जुन्या भट्ट्यांचा माग लागतो तो याच उकिरड्यांवरून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या ज्युरा पर्वतातील सँ-क्लोद या कातकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने ब्रायर हे लाकूड हाती घेतले आणि परिस्थिती पालटली. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाची, खोड आणि मुळे यांच्यामध्ये जमिनीत वाढणारी गाठ. ती पुरेशी मोठी व्हायला काही दशके लागतात. मग ती खणायची, कापायची, कित्येक तास उकळायची आणि महिनोन्‌महिने सुकवायची. ती उष्णता सोसते, सहसा जळत नाही. परंतु मातीत वाढताना ही गाठ वाळूचे कण, बारीक खडे पोटात घेते. आत पोकळ्या राहतात, चिरा पडतात. बाहेरून यातले काहीही दिसत नाही. वाटी कोरून होते, दांडीला भोक पडते, कानस फिरते, आणि पॉलिश पेपरचा शेवटचा हात चालू असताना टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका उघडा पडतो. श्रम तोवर खर्ची पडलेले असतात. अशा विषयात हल्ली जपानी किन्त्सुगीचा दाखला हटकून दिला जातो. तो येथे फारसा लागू नाही. किन्त्सुगी वापरात फुटलेले भांडे सांधते. ब्रायरचा दोष वस्तू जन्मण्याआधीच तिच्यात असतो.

यावरचा सर्वांत जुना उपाय सुतारालाही ठाऊक असलेला: लांबी भरायची आणि वर गडद रंग द्यायचा. अशा पाइपने धूम्रपान करायला अडचण नसते, पण पुढे रंग उतरतो आणि लांबीचा फिकट डाग वर येतो. कारखानदारांनी याला दुय्यम प्रतीच्या मालाची जोड दिली. मूळ छाप न लावता असे पाइप दुसऱ्या नावाने, कमी किमतीत विकले जात. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. नाव लपविले तरी किंमत खरे सांगते.

खरे वळण आले लंडनमध्ये. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ साली ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले आणि काही वर्षांत स्वतःचे पाइप बनवायला आरंभ केला. १९१७ च्या सुमारास त्यांनी ‘शेल’ हा प्रकार आणला. दाबाखालील हवेने वाळूचा मारा करण्याचे तंत्र अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्येच पेटंट केलेले होते; डनहिलनी ते ब्रायरवर वापरले. वाळूच्या माऱ्याने मऊ लाकूड झिजते आणि टणक वलये उंचवट्यांसारखी उभी राहतात. अल्जीरियाचे मऊसर ब्रायर याला विशेष मानवले. बॉयलरजवळ विसरलेल्या एका पाइपवरून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे; ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. महत्त्वाचे हे की, ज्या पृष्ठभागावर ठिपका डोळ्यांत खुपत होता तो पृष्ठभागच या तंत्राने काढून टाकला. खडबडीतपणा ही शैली झाली, आणि शैलीला सूट देऊन विकावे लागत नाही. समीक्षेच्या अभ्यासकांना ही युक्ती परिचित वाटेल. पुढे कार्लो स्कॉत्ती यांनी १९४७ मध्ये इटलीतील कांतू येथे कास्तेलो ही कार्यशाळा सुरू केली. तिच्या ‘सी रॉक’ पाइपांत हाच खडबडीतपणा हत्याराने कोरून आणलेला दिसतो.

या साऱ्यात आकार मात्र आधीच ठरलेला असे. दोषाची सोय फक्त पृष्ठभागावर लावली जाई. ती चौकट डेन्मार्कमध्ये मोडली. मूळचे स्वीडनचे सिक्स्टेन इवार्सन (१९१०–२००१) कोपनहेगनमध्ये पाइपदुरुस्ती करता करता निर्मितीकडे वळले. दुरुस्ती करणाऱ्याला प्रत्येक पाइप कुठे आणि का दगा देतो हे आतून कळत असते. त्यांच्या आणि त्यांच्या परंपरेतील कारागिरांच्या पद्धतीत ठोकळ्यातील रेषा पाहून आकार ठरे आणि काम करताना तो बदलताही येई. वाटेत खडा लागला, तर वाटीचा काठ खाली येई, बाजू अधिक तिरपी होई. प्रेबेन होल्म (१९४७–१९८९) यांनी तर गाठीची ओबडधोबड साल वाटीच्या काठावर तशीच ठेवलेले पाइप केले, आणि अमेरिकी ग्राहकांनी ते उचलून धरले.

तरीही काही ठोकळे वाचवता येत नाहीत. चीर वाटीच्या आतल्या भिंतीपर्यंत गेली असेल तर पाइप तापल्यावर तेथूनच जळून भोक पडते. तिथे लांबी, वाळूचा मारा किंवा बदललेला आकार यांतले काहीच चालत नाही. असा तुकडा चुलीत जातो, आणि त्यावर घातलेला दिवस कारागिराच्या खात्यावर पडतो.