छावणीतील औषधांची पेटी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात बालकलाकार मराठ्यांच्या छावणीचा देखावा सादर करीत आहेत. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा टिपूवर चालून आल्या, तो १७९० ते १७९२ चा काळ. देखाव्यातील जखमी शिपायासाठी इंदिरानगरातील मुलांनी एक पेटी सजवली आणि मला इतिहासाचा नाद आहे म्हणून तपासण्यास आणली. झाकणावर ठळक लाल क्रॉस. आत आयोडिन व चिकटपट्टी!

लाल क्रॉसची खूण १८६४ ची, आयोडिनचा शोध १८११ चा, चिकटपट्टी तर विसाव्या शतकातील. पेटी रिकामी करणे प्राप्तच होते. पण भरावे काय?

येथे कावसजी नावाच्या मराठ्याची हकीकत उपयोगी पडली. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा हा गडी त्याच युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका गृहस्थाने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती कृती छापली. मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बेतावयाचा, तो सपाट करून कपाळावर आखावयाचा, तेवढी त्वचा सोडवून खाली वळवावयाची. वर ओला कात माखलेल्या पाच-सहा कापडी पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. पुढे १८१४ मध्ये लंडनला जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने हीच रीत अवलंबिली.

आता पेटीत मेण, कात, बोथट केलेला वस्तरा, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि तुपाची वाटी आहे. प्रत्येक छावणीत अशीच पेटी असे, असा आमचा दावा नाही. त्या काळी एका कुशल हाताने वापरलेल्या या वस्तू होत, एवढेच.

"काका, त्या वैद्यांचं नाव काय?" एका मुलीने विचारले. छापलेल्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे, वैद्याचे नाही. सरदारांची नावे आपण परमुलुखातही मुलांकडून पाठ करून घेतो. या माणसाची आठवण निदान त्याच्या कृतीने राहावी. म्हणून झाकणावर मुलांनी लाल क्रॉस पुसून लिहिले आहे : 'पुण्याजवळील एक वैद्य'.

खरी प्रथमोपचार पेटी पडद्यामागे ठेवली आहे. कोणास खरचटल्यास पालकांनी तीच उघडावी, ही विनंती.