शालेय परसबाग

शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी पिकवलेला आणि मुख्यतः शालेय पोषण आहारासाठी वापरला जाणारा भाजीपाल्याचा मळा. या कल्पनेचे एक मूळ विदर्भात आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीम, म्हणजे उत्पादक श्रमातून शिक्षण, या पद्धतीत शेतीला अभ्यासविषयाइतकेच स्थान होते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

अमडापूर (ता. चिखली, जि. बुलढाणा) परिसरासारख्या कोरडवाहू, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून असलेल्या, सोयाबीन-कापसाच्या मुलखात शेतमजूर आणि अल्पभूधारक कुटुंबांच्या ताटात पालेभाजी अनेकदा कमी पडते, म्हणून तेथे अशा बागेचे मोल विशेष आहे. शेवग्याच्या पानांतून अ-जीवनसत्त्वाचा पूर्वघटक आणि कॅल्शियम मिळते, तर पालेभाजीतील लोह शरीरात नीट शोषले जावे म्हणून जेवणात लिंबू हवे, हे मूल बागेत लागवडीबरोबरच शिकते. चवळीच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात; पालापाचोळ्याचे कंपोस्ट आणि आच्छादन ओल टिकवते; हात धुण्याचे पाणी वाफ्यांकडे वळवता येते.

खरी अडचण उन्हाळ्याची असते, कारण विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि ऐन टंचाईत बाग राखायला कोणी नसते. त्यामुळे शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी तग धरणारी बहुवर्षायू झाडे लावून पालेभाज्या पावसाळा-हिवाळ्यात घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.