धर्मामागून आलेलं झाड

सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळचं झाड कुणी आणलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: मिशनरी साहेबांनी. हे उत्तर सोयीचं आहे, पण पुरतं खरं नाही. पहिले मिशनरी आले तेव्हा त्यांच्या सामानात झाड नव्हतं. नाताळचा सणसुद्धा नव्हता.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. त्यांना पाठवणारी संस्था बॉस्टनची होती आणि मंडळी प्युरिटनांच्या वळणाची. बायबलात येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही, तेव्हा २५ डिसेंबरचा सण माणसांनी रचलेला, असं प्युरिटन मानत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता. तो १६८१ साली उठला, पण मनातली अढी पुढे दीडशे वर्षं टिकली. नाताळची सरकारी सुट्टी तिथे १८५६ साली आली. मिरज-सांगलीत काम उभारणारे प्रेस्बिटेरियन स्कॉटलंडच्या परंपरेतले, आणि खुद्द स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ उजाडलं. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींच्या या आध्यात्मिक पूर्वजांना झाडाभोवती मेणबत्त्या लावणं हा पोरखेळ किंवा मूर्तिपूजेचा अवशेष वाटला असता.

झाडाचं मूळ घर जर्मनी. १६०५च्या सुमाराच्या एका नोंदीत स्ट्रासबुर्गच्या घरांतली फरची झाडं, त्यांवर टांगलेली कागदी गुलाबं आणि सफरचंदं भेटतात. जर्मन राजकन्यांबरोबर ती रीत इंग्लंडच्या राजवाड्यात गेली. मात्र सामान्य घरांत ती शिरली एका चित्रामुळे. १८४८च्या डिसेंबरात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स आल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या एका लोकप्रिय स्त्रियांच्या मासिकाने तेच चित्र वापरलं, पण राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा पुसून! राजघराण्याचं झाड असं साध्या कुटुंबाचं झालं. त्याच १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब वारले, डलहौसीने त्यांचा दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. पुढच्याच वर्षी साताऱ्यात अमेरिकन मिशनचं ठाणं बसलं. इथलं मिशनचं काम आणि झाडाचा घरोघरचा प्रवास असे एकाच सुमाराला सुरू झाले आणि बरीच वर्षं एकमेकांना न भेटता चालले.

भेट व्हायला दुसरीही अडचण होती. आपल्या सह्याद्रीत सूचिपर्णी झाड मुळातच नाही. दक्षिण भारतातला एकमेव देशी सूचिपर्णी केरळ-तमिळनाडूच्या घाटांत वाढतो. डिसेंबरात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठून गवत पांढरं होतं, पण भोवती जंगल जांभळाचं, हिरड्याचं, अंजनीचं. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसनने परदेशी झाडं लावली. तिथले सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया त्याच्याच नावावर सांगतात. पॉइन्सेटिया मूळची मेक्सिकोची. रात्री लांबल्या की तिची वरची पानं लाल होतात, म्हणून ती नेमकी नाताळात रंगते. नाताळचा रंग पाचगणीला असा आपोआप मिळाला. फरचं झाड मात्र कुणाच्या हाताशी नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मंडळ्यांचं मन बदललं. तिकडच्या रविवारच्या शाळांत झाड उभारून मुलांना भेटी वाटायची पद्धत रुळली आणि तिथून ती मिशनांत आली. मला या कुळकथेतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते: जर्मनीत आणि इंग्लंडात झाड घरातून बाहेर पडलं, आपल्याकडे ते बाहेरून घरात आलं. इथलं पहिलं झाड कुणा एका कुटुंबाचं नव्हतं. ते शाळेचं, बोर्डिंगचं, देवळाचं आणि दवाखान्याचं होतं.

दवाखान्याचं म्हणताना मिरज आठवणारच. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या भागात आले. मिरजेतलं रुग्णालय १८९४ साली उभं राहिलं आणि त्याच्याभोवती डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर, स्वयंपाकी अशी ख्रिस्ती वस्ती वाढली. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते. अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या बायका मिशनच्या शाळा-दवाखान्यांसाठी पेट्या भरून पाठवत. त्यांत बँडेजं, बाहुल्या, रुमाल आणि तिकडे वापरून झालेली नाताळची कार्डंही असत. त्या कार्डांवर बर्फ असे आणि बर्फात फरचं झाड. ज्या मुलांनी बर्फ पाहिला नव्हता, त्यांच्या डोळ्यांपुढे नाताळच्या झाडाचा आकार या कार्डांनी ठेवला.

आकार कळला, आता झाड हवं. ते सुरूने पुरवलं. लांबून सुरू हुबेहूब सूचिपर्णी वाटतो, पण तो फरच्या कुळातला नव्हे. त्याच्या सुया म्हणजे पानं नसतात, हिरव्या सांधेदार डहाळ्या असतात. खरी पानं प्रत्येक सांध्यावर बारीक दात्यांसारखी चिकटलेली असतात. सुरूची फांदी आणायची, पत्र्याच्या डब्यात विटांचे तुकडे आणि ओली माती ठासून ती उभी करायची, डब्याला घोटीव कागद गुंडाळायचा. दोन-चार दिवसांत डहाळ्या गळू लागतात, म्हणून फांदी शक्यतो चोवीस तारखेलाच आणायची. सुरू जिथे मिळत नाही, तिथे आवारातली कुठलीही हिरवी फांदी चालते.

तिच्यावर काय टांगायचं, हे मात्र इथल्या हातांना कुणी शिकवावं लागलं नाही. जर्मनीत लाउशा गावचे कारागीर काचेचे गोळे फुंकत होते. आपल्याकडे पताका, झिरमिळ्या, क्रेप कागदाची फुलं, सोनेरी बेगड आणि बर्फासाठी पिंजलेला कापूस होता. हे सगळं गणपतीच्या मखराचं सामान, त्याच पेठेतलं. पोरंही तीच असत. शेजारच्या गणपतीत मखराला कागद चिकटवणारा मुलगा डिसेंबरात झाडाला कापूस लावायला हजर. चांदणीचंही तसंच. कागदी तारा जर्मनीतल्या मोराव्हियन पंथाच्या शाळेत १८३०च्या दशकात भूमितीचा धडा म्हणून बनू लागला, असं सांगतात. इथे तो आला तेव्हा कामट्या बांधून खळीने कागद लावणारे, दिवाळीच्या आकाशकंदिलात तयार झालेले हात आधीच होते. म्हणून पुष्कळ घरांत झाड नसलं तरी चांदणी असते. ती झाडाआधी आपलीशी झाली.

हे परक्याचं अनुकरण म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्या झाडाजवळ काय गायलं जातं तेही ऐकावं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहिले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. भजन, कीर्तन, अभंग यांतूनच मराठी माणसाने ख्रिस्ताजवळ यावं, ही त्यांची तळमळ होती. १९१९ साली ते गेले, पण ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून त्यांची पदं घरोघर राहिली. पेटी, तबला आणि झांजा घेऊन नाताळची गाणी म्हणत फिरणारी मंडळी दारात येते, ती चांदणीखाली उभी राहून मराठी पदं गाते आणि चहासोबत करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या खाऊन पुढच्या घरी जाते.

झाड देवळातून घरात आलं ते सावकाश. मिशनच्या आवारातली खोली सोडून माणसं स्वतःच्या घरात राहायला गेली, घरात वीज आली, रंगीत दिव्यांची माळ परवडू लागली. मेणबत्तीच्या काळात वाळक्या सुरूला आग लागायची भीती होती, विजेच्या माळेने ती बरीच कमी केली. मग प्लॅस्टिकचं घडीचं झाड आलं. ते गळत नाही, वर्षभर माळ्यावर पडून राहतं. त्याने सोय दिली आणि एक गोष्ट नेली: फांदी शोधायला, आणायला आणि डबा भरायला चार घरची पोरं एकत्र यायची, ती गरज संपली. मला हे नुकसान मोठं वाटतं.

अलीकडे रोपवाटिकांतून कुंडीतलं ‘ख्रिसमस ट्री’ मिळतं. ते अरौकारिया, नॉरफोक बेटाकडचं किंवा त्याच्या शेजारच्या न्यू कॅलेडोनियाचं. तेही फर नव्हे, पण निदान खरं सूचिपर्णी आहे. सांगलीचा उन्हाळा ते सोसतं आणि कुंडीत असेपर्यंत बेताने वाढतं. सहा जानेवारीनंतर माळा काढून ते पुन्हा अंगणात जातं. काही वर्षांत ते छताला टेकू लागलं की जमिनीत लावावं लागतं, आणि त्याची उंची पाहता घराच्या परसात ते मावत नाही. मग एखाद्या कुटुंबाचं झाड देवळाच्या आवारात जातं, आणि पुढच्या डिसेंबरात त्याच्यावर माळा चढवायला शिडी धरणारी चार पोरं पुन्हा लागतात.